नुकसानभरपाईसाठी नव्वद किलोमीटर

मराठवाड्यातल्या कुरुंद्यात पहाटे डांबरी रस्त्यानं पळणारं पोरगं दिसलं की त्याच्या तब्येतीची चौकशी होत नाही. 'भरती कव्हा हाय रं?' एवढंच विचारतात. गावाच्या हिशेबात पळण्याला कारण लागतं, आणि ते महाराष्ट्र पोलिसांनी मापासकट ठरवून दिलेलं आहे: मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, पूर्ण गुण 20. त्यापुढचा प्रत्येक मीटर फुकटचा.

अशा गावात कुणी 'मी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन पळणार' असं जाहीर केलं, तर पहिला प्रश्न बक्षिसाचा येणार. दुसरा अंतराचा. सुमारे नव्वद किलोमीटर, म्हणजे नांदेडला जाऊन घरी परत येण्याएवढं, हे कळल्यावर तिसरा प्रश्न कुणी त्याला विचारत नाही. तो घरच्यांना विचारतात.

तरीही या स्पर्धेच्या इतिहासात कुरुंद्याला तंतोतंत पटेल असा एक गडी आहे. त्याचं नाव आर्थर न्यूटन. हा नाताळ प्रांतातला शेतकरी. जमिनीवरून त्याचं सरकारशी वाजलं होतं. तो भाग सरकारनं कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी राखला, आपलं नुकसान झालं, अशी त्याची तक्रार. तिच्यात न्याय किती होता, हा वाद वेगळा. अर्ज करून कुणी ऐकेना, तेव्हा त्यानं ठरवलं, आधी प्रसिद्ध व्हायचं. मग पेपरवाले ऐकतील आणि पेपरवाल्यांमुळे सरकार. प्रसिद्धीचा मार्ग म्हणून त्यानं निवडलं पळणं! वय अडतीस.

1922 च्या 1 जानेवारीला तो दोन मैल पळाला आणि पाय असे आखडले की पुढचे काही दिवस पळणं बंद. मे महिन्यात मात्र त्यानं कॉम्रेड्स जिंकली, 8 तास 40 मिनिटांत. पुढच्या वर्षी सात तासांच्या आत. एकूण पाच वेळा जिंकली. सरकार काही हललं नाही, आणि न्यूटन अखेर ऱ्होडेशियात निघून गेला. जुलै 2022 मध्ये पुराचं पाणी घरांत घुसलेलं पाहिलेल्या कुरुंद्यात ही गोष्ट सांगितली, तर कुणी न्यूटनला वेडा म्हणणार नाही. फार तर 'पंचनामा झाला होता का?' असं विचारतील.

न्यूटनचं ध्येय निदान एकच होतं. हल्लीचा अल्ट्रा धावपटू तीन-तीन बाळगतो: एक लोकांना सांगायचं, एक प्रशिक्षकाला, एक फक्त गुडघ्यांना. कॉम्रेड्सनं त्याची सोयही केली आहे. साडेसात तासांच्या आत रौप्य, नऊच्या आत बिल रोवन, अकराच्या आत कांस्य, बाराच्या आत व्हिक क्लॅफम पदक. वसमतच्या बाजारात हळदीचा भाव मनात मोठा धरून जायचं आणि दुपारपर्यंत जुळवून घ्यायचं, तसाच हा व्यवहार. फक्त इथं व्यापारीही आपणच. चाळिसाव्या किलोमीटरला रौप्य सुटतं, साठाव्याला कांस्यावरही बोलणी सुरू होतात.

सरावाची अडचण वेगळीच. हल्ली स्पर्धा बहुतेक वेळा जूनमध्ये. तिकडे तेव्हा हिवाळा. म्हणजे सगळ्यात लांबच्या धावा नेमक्या मराठवाड्याच्या एप्रिल-मेमध्ये. पहाटे तीनला उठावं, तर गावातली कुत्री आपणहून वेग वाढवून देतात. सूर्य वर आला की संपलंच. खाण्याचं मात्र भाग्य थोर. शहरी धावपटू परदेशी जेलच्या पुड्या चोखत असताना इथं अर्धापूरची केळी हाताशी.

मोठं ध्येय ठरवण्यातही प्रांतभेद असावा. पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी 28 नोव्हेंबर 2021 ते 26 जानेवारी 2022 या काळात रोज एक, अशा साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पूर्ण केल्या. आधीचा विक्रम एकोणसाठचा. पुणेकरांनी मोजून एक जास्त केली.

कॉम्रेड्सचा हिशेब याहून कडक. बरोबर बारा तासांनी एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. पाहिलं तर दया येईल, म्हणून पाठ. एक सेकंद उशिरा पोचलेल्याला पदक नाही. शंभर वर्षांपूर्वी न्यूटनकडे सरकारनं पाठ फिरवली होती, तीही तशीच. तिथं बंदुकीचा आवाजही झाला नाही.