जांभळाची फांदी आणि मोबाइलची टिंग

"काय हो वहिनी, काल रात्री भाऊजी अंगणात येरझाऱ्या कसल्या घालत होते? गेटपासून पायरी, पायरीपासून गेट. मला वाटलं, भांडलात की काय."

"भांडण कुठलं काकू! कॅमेऱ्याची परीक्षा चालली होती. माणूस आला तरच मोबाइल वाजतो का, ते बघत होते."

"तो तर कशानेही वाजायचा. रात्रभर आपली टिंग टिंग."

"तेच ना. उल्हासनगरच्या मार्केटातून हौसेने आणला. हे सकाळी लोकलला लटकायचे, गाडी अंबरनाथला पोचत नाही तोवर टिंग. लगेच मला फोन, 'अगं, दारात कोण आलंय?' कोण येणार? तुमच्या जांभळाची फांदी!"

"जूनमध्ये टोपलीभर जांभळं खाल्लीत, तेव्हा बरी गोड लागली फांदी! बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन आहे म्हटलं."

"असू दे की, पण कॅमेऱ्याला त्याचं काय? त्याला माणूसही कळत नाही नि झाडही. मघाचं चित्र आणि आत्ताचं चित्र, फरक दिसला की बोंब. सावली हलली, बोंब. रिक्षा वळताना हेडलाइट भिंतीवर पडला, बोंब. पावसाळ्यात तर विचारू नका. अंधारात तो इन्फ्रारेड उजेड सोडतो. आपल्याला दिसत नाही, पण काचेजवळून चिलट गेलं तरी मोबाइलवर पांढरं कबुतर दिसतं. किडे आले म्हणून कोळी आला, त्याने काचेपुढेच जाळं विणलं. वाऱ्याने जाळं हललं की आमची झोपमोड. शेवटी ह्यांनी वैतागून सगळी नोटिफिकेशनच बंद केली."

"म्हणजे लांडगा आला रे आला! आपल्याकडे असं करून भागत नाही हो. २७ जुलै २०१९ आठवतं ना? महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली. उल्हास नदी काय सांगून येते?"

"म्हणून तर अंबरनाथहून धाकट्या दिरांना बोलावलं. त्यांनी आधी कॅमेऱ्याची मान खाली वळवली. रस्ता गेला, आकाश गेलं. मग ॲपमध्ये बोटाने चौकोन ओढला, गेटपासून पायरीपर्यंत. त्याच्या बाहेर काही का हलेना! फांदी बाहेर, जास्वंदही बाहेर. 'फक्त माणूस' असं एक बटण होतं, महिनाभर ते कुणी उघडूनच बघितलं नव्हतं. काच मऊ फडक्याने पुसली. त्याचा तो रात्रीचा उजेड बंद केला आणि साधा दिवा लांब गेटावर लावला. आता किडे तिकडे नाचतात."

"आणि लाइट गेली की?"

"लाइट गेली की वायफायच झोपतं, कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात! सेन्सिटिव्हिटी मात्र एकदम तळाला नेऊ नका म्हणाले. मग छत्री घेऊन आलेला माणूसही सुटतो. एकेक घर कमी करायची आणि दरवेळी कुणीतरी चालून बघायचं. त्या ह्यांच्या येरझाऱ्या."

"ते असू दे. आमचं दार दिसतं का त्यात?"

"दिसायचं. आता तेवढ्या भागावर काळी पट्टी मारलीय."

"म्हणजे महिनाभर आमच्याकडे कोण आलं-गेलं…"

"कुणी बघितलं नाही हो, फांदीतून फुरसत कुणाला! आणि माइक तर मी पहिल्याच दिवशी बंद केला. आपल्यात सासूबाईंचा विषय निघतो ना."

"शहाण्या आहात. पण दीर टेबलावर स्टूल ठेवून चढलेले पाहिले मी. पडले असते तर?"

"शिडी मागायला आलेच होते तुमच्याकडे. तुम्हीच म्हणालात, गायब झाली."

"झालीच आहे. गेटाशी उभी करून ठेवली होती, सकाळी नाही. अहो, तुमच्या कॅमेऱ्यात असेल की!"

"शोधलं काकू, दिरांनी सगळं कार्ड चाळलं. भरलं की ते जुनं पुसून त्यावरच नवं घेतं. आमचं कार्ड जांभळाच्या पानांनी भरलेलं. त्या रात्रीचं काही उरलंच नाही."

"घ्या! पाच हजाराची शिडी हो, ॲल्युमिनियमची."

"बाकी मी काही बोलत नाही. पण कोपऱ्यावरच्या बंगल्यात गणपतीसाठी आतून रंगकाम निघालंय. त्यांच्याकडे शिडी कधी होती हो?"