पेणचे भावोजी, रोह्याचा मेहुणा

गाडी चालू झाली नाही म्हणून खूश होणारा माणूस बघायचा असेल, तर ऐन पावसाळ्यातल्या रविवारी पेणला या. कुठल्याही सोसायटीच्या आवारात तो सापडेल. अंगात पतपेढीने वर्धापनदिनाला वाटलेला टी-शर्ट, खाली बर्म्युडा, पुढ्यात बॉनेट उघडलेली जुनी मारुती 800 आणि चेहऱ्यावर मुलीचं लग्न जमल्यासारखं तेज.

चावी फिरवली की ‘टकटकटक’ होतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि इंजिन ढिम्म. वहिनींच्या लेखी याचा अर्थ एवढाच, की आज रोह्याला माहेरी जाणं बारगळलं. भावोजी मात्र छाती पुढे काढून निदान करतात, “सेल्फ गेला.” गॅरेजवाल्याला फोन करायचा नाही हे आधीच ठरलेलं असतं. एक तर ते लुटतात आणि दुसरं म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ आहे. व्हिडिओतली गाडी वेगळी, इंजिन वेगळं, पण “तत्त्व एकच हो.”

खरं तर गाडी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगत असते. टकटकीची माळ लागून दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे लख्ख आणि एकच दणदणीत ‘टक’ आला, तर सोलेनॉइड किंवा आतले कार्बन बघावेत. मोटर नुसतीच घरघर फिरते आणि इंजिनाला पत्ता नाही, तर बेंडिक्स. पण टर्मिनल घासणं हे पोरासोरांचं काम. शहाणा माणूस दुखण्याची सुरुवात सर्दीपासून करतो, भावोजी थेट बायपासपासून करतात.

त्यात पेणच्या माणसाचा हातावर फार भरवसा. गावात, शेजारच्या हमरापुरात, जोह्यात वर्षभर गणपती घडतात. जिथे अंगठ्याच्या एका दाबाने सोंड वळते, तिथे मोटरीचं काय घेऊन बसलात! फक्त शाडूला अर्थिंग नसतं, एवढा फरक त्यांच्या ध्यानात येत नाही.

पान्यांचा सेट घरात असतोच. त्यात नेमका 12-13चा नसतो. तो शेजाऱ्याकडे असतो, आणि शेजारी नुसता पाना देत नाही, पान्याबरोबर स्वतःही येतो. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी छत्री घेऊन उतरतात. प्रेक्षक जमले की भावोजींचा आवाज आपोआप वर चढतो. ते गाडीखाली सरकतात, सेल्फच्या जाड वायरीच्या नटाला पाना लावतात, आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकतं.

ठिणगी अशी उडते की गुरुजी छत्री मिटतात.

ती जाड वायर थेट बॅटरीतून येते, वाटेत फ्यूज नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. हे व्हिडिओत पहिल्याच मिनिटाला सांगितलेलं असतं, पण पहिलं मिनिट भावोजींनी पुढे ढकललेलं असतं. “मी सांगणारच होतो,” असं म्हणत शेजारी पान्यावरचा काळा डाग मन लावून पाहतो. पाना त्याचा.

सेल्फ अखेर निघतो. पण गाडी आता सोसायटीच्या फाटकात आडवी, कारण धक्का मारून चालू करायच्या नादात ती तिथवर आणलेली. सेल्फ नायलॉनच्या पिशवीत घालून, वर वहिनींनी दिलेला पापडांचा डबा ठेवून, भावोजी रोह्याची गाडी पकडतात. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सुरू होते. भावोजींची संकटं रोह्यापर्यंतच येतात, कारण तिथे मेहुणा आहे.

मेहुणा धाटावच्या एमआयडीसीत, मेंटेनन्समध्ये. पेणकराकडे हात आहे, रोहेकराकडे थिअरी आहे. तो मोटरीला हात लावत नाही, आधी इतिहास लावतो. “भावोजी, पूर्वी हँडल मारून गाडी चालू करायचे. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलं. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने सेल्फ बनवला, 1912च्या कॅडिलॅकमध्ये बसवला. त्याची अक्कल काय? ही मोटर दिवसभर चालवायचीच नाहीये. काही सेकंदांचंच काम, म्हणून एवढ्याशा मोटरीवर एवढा लोड टाकता येतो. तुम्ही चावी किती वेळ धरून ठेवता?” भावोजी विषय बदलून पापड पुढे करतात. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये मोटरीला गार होऊ द्यावं, हे त्यांना तेव्हाच पटतं, पण मेहुण्याकडून कसं पटवून घ्यायचं?

टेबलावर बॅटरीच्या दोन वायरी लावताच मोटर भुर्रकन फिरून पापडांच्या डब्यावर आदळते. मोटर ठणठणीत! घरात क्षणभर सुतकी शांतता. एवढा काढलेला सेल्फ चांगला निघणं हा कुठल्याही घरगुती मेकॅनिकचा घोर अपमान.

पुढच्या रविवारी मेहुणा मल्टिमीटर घेऊन पेणला. सेल्फ पुन्हा जागेवर. मीटर 12.6 दाखवतो. “बॅटरी फर्स्ट क्लास,” मेहुणा जाहीर करतो. चावी फिरते. टकटकटक. मग सोलेनॉइड की इग्निशन स्विच यावर दोघांचं जे जुंपतं, त्यात वहिनींच्या लग्नातल्या मानपानाचाही उल्लेख येऊन जातो.

फाटकाबाहेर एक मिनिडोर केव्हाची हॉर्न देत असते. शेवटी ड्रायव्हर वैतागून उतरतो, बॉनेटमध्ये वाकतो, बॅटरीचा क्लॅम्प दोन बोटांत धरतो आणि बाटलीच्या झाकणासारखा गरकन फिरवतो. खाली पांढरी-हिरवी भुकटी. “टर्मिनल ढिला हाय, काका.” वहिनी गरम पाण्यात खायचा सोडा घालून आणतात. घासून, पुसून, आवळून चावी दिली की गाडी पहिल्याच सेल्फला चालू.

मीटरला काय, केसाएवढा संपर्क असला तरी तो 12.6 दाखवणार. सेल्फला शंभरावर अँपिअर लागतात, ते तेवढ्या वाटेने येत नाहीत. आणि टर्मिनल ढिलं का झालं हे पेणमध्ये विचारायचं नसतं. पळस्पे-इंदापूर महामार्गाचं 84 किलोमीटरचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हापासूनच्या खड्ड्यांनी इथल्या माणसांचे मणके सैल केले, तिथे क्लॅम्पची काय कथा.

“व्होल्टेज ड्रॉप! मी तेच म्हणत होतो,” मेहुणा म्हणतो. “अर्थिंग! मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय,” भावोजी म्हणतात. मिनिडोरवाला काहीच म्हणत नाही, त्याला सीट भरायच्या असतात.

संध्याकाळी भावोजी रुबाबात गाडी काढून वहिनींना आणि मेहुण्याला रोह्याला सोडतात. मेहुण्याची मोटरसायकल स्टेशनबाहेर उभी असते. तो किक मारतो. एक, दोन, तीन. भावोजी काच खाली करून गोड आवाजात विचारतात, “सेल्फ नाही का हो हिला?”

“आहे ना,” मेहुणा घाम पुसत म्हणतो, “बॅटरी वाचवतोय.”