चोराच्या हाती डीव्हीआर

परक्याने घरात डोकावू नये म्हणून कॅमेरा बसवतात. त्यासाठी गृहस्थ दोन-अडीच हजारांचा वायफाय कॅमेरा आणतो, हॉलमध्ये देव्हाऱ्याच्या वर ठोकतो आणि त्या दिवसापासून घरातलं सगळं दृश्य कुठल्याशा कंपनीच्या दूरदेशीच्या संगणकावर, म्हणजे ‘क्लाउड’वर, पाठवायला लागतो. वर त्याचं दरमहा भाडंही भरतो. मोलकरणीवर नजर ठेवायची म्हणून आणलेला हा डोळा सर्वांत जास्त वेळ कोणाला पाहतो, तर बनियनवर सोफ्यात लोळणाऱ्या खुद्द मालकाला.

पलीकडे बसून ते कोण बघतं, याचा एक नमुना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये उघड केला. आज ॲमेझॉनच्या मालकीच्या असलेल्या ‘रिंग’विरुद्धच्या तक्रारीनुसार, २०१७ च्या उन्हाळ्यात कंपनीचा एक कर्मचारी किमान ८१ महिलांच्या घरांतली हजारो रेकॉर्डिंग्ज बघत होता. कॅमेरे होते शयनगृहांत आणि न्हाणीघरांत. दुसऱ्या कर्मचाऱ्याने हे वरिष्ठांच्या कानावर घातलं, तर साहेब म्हणाले, इंजिनिअरने इतकी खाती उघडणं नेहमीचंच आहे. गडी फक्त सुंदर तरुणींचीच चित्रं उघडतो, हे ध्यानात आल्यावर साहेबांना प्रकरण वर कळवावंसं वाटलं. अधूनमधून एखाद्या आजोबांचाही व्हिडिओ त्याने पाहिला असता, तर कामसू म्हणून बढती मिळायला हरकत नव्हती. शेवटी कंपनीने ५८ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

‘वाइझ’ नावाच्या दुसऱ्या कंपनीने शेजारधर्म पाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची क्लाउड सेवा काही तास बंद पडली आणि परत सुरू होताना कोणतं घर कोणाचं, याचा घोळ झाला. सुमारे १३,००० ग्राहकांच्या फोनवर दुसऱ्यांच्या घरांची चित्रं आली. त्यांतल्या १,५०४ जणांनी ती उघडली. उरलेल्या साडेअकरा हजारांनी नाही उघडली, हे वाचून माणुसकीवरचा विश्वास वाढतो. अर्थात वेळ भल्या सकाळची होती, बरेचसे झोपेतही असतील.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डेटा केंद्रांत बिघाड झाला, तेव्हा रिंगचे कॅमेरे आणि दारावरच्या घंटाही गडबडल्या. दारात उभा राहिलेला जावई दिसायला आता सातासमुद्रापलीकडचा संगणक जागा असावा लागतो.

यावर शहाण्या माणसांचा सल्ला असा, की फुटेज घरातच साठवा. सल्ला रास्त आहे. नेमका तोच हेरून ‘युफी’ कंपनीने क्लाउड नको नि मासिक खर्च नको, अशी जाहिरात करत कॅमेरे विकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉल मूर या सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं, की क्लाउड वापरत नसतानाही त्याच्या दारावरच्या कॅमेऱ्याने टिपलेली चेहऱ्यांची छोटी चित्रं गुपचूप ॲमेझॉनच्या सर्व्हरवर चढत होती. फोनवर सूचना पाठवायला ती लागतात, असं कंपनीचं म्हणणं. पुढे असंही निघालं, की योग्य पत्ता हाती लागला तर थेट प्रक्षेपण व्हीएलसीसारख्या साध्या प्लेअरमध्येही बघता येतं. कंपनीने आधी कानांवर हात ठेवले आणि जानेवारी २०२३ मध्ये कबुली दिली. ‘लोकल’ हा शब्द खोक्यावर छापायला परवाना लागत नाही.

म्हणजे खोक्यावर विसंबून चालत नाही, जरा आकडेमोड करावी लागते. फुल एचडी कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करतो असं धरलं, तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी होतात. चार कॅमेरे लावले की महिन्याला अडीच टीबीच्या वर. एवढं सगळं अखंड वर चढवायचं तर ब्रॉडबँडचा जीव जाईल, म्हणून अनेक क्लाउड कॅमेरे हालचाल दिसली तरच तुकडा पाठवतात. घरच्या एक टीबीच्या डिस्कवर मात्र चारही कॅमेऱ्यांचे साडेअकरा दिवस सलग मावतात. मग जुनं पुसून नवं. हिशेब सोपा असल्यामुळे कोणी करत नाही. पंधरा दिवस कोकणात गेलेल्या कुटुंबाकडे तिसऱ्या दिवशी चोरी झाली, तर परतल्यावर डिस्कवर चौथ्या दिवसापासूनचा रिकामा हॉल आणि भिंतीवरची पाल एवढंच शिल्लक असतं. डिस्क चार टीबीची घेतली असती तर हा प्रसंग टळता. पण ती घेताना गृहस्थ दुकानदाराशी घासाघीस करतो, आणि पंचावन्न इंची टीव्ही घेताना करत नाही.

तरीही ही मंडळी नशीबवानच म्हणायची, कारण त्यांचं यंत्र निदान जागेवर आहे. ‘जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही लंपास केला’ हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवृत्तात आता इतकं रुळलंय, की ते पानावर कायमचं जुळवून ठेवायला हरकत नाही. आपल्याकडे डीव्हीआर, म्हणजे ती डिस्क असलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र, टीव्हीखालच्या शोकेसमध्ये असतो, निळा दिवा लुकलुकत असतो. चोराला शोधाशोध करावी लागत नाही. कॅमेऱ्यांच्या वायरीच त्याला हाताला धरून तिथवर नेतात. डीव्हीआर माळ्यावर, कुलपाच्या कपाटात ठेवावा, त्याला इन्व्हर्टरची वीज द्यावी आणि महत्त्वाच्या कॅमेऱ्यात एक मेमरी कार्ड वेगळं असावं, एवढं केलं तरी चोराचं काम अवघड होतं. पण मग आलेल्या पाहुण्यांना डीव्हीआर दाखवायचा कसा?

पासवर्डाची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं तपासणीच्या वेळचं फुटेज टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. पोलिसांनी लातूर, सांगली आणि प्रयागराजमधून माणसं पकडली. यंत्राचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ होता, असं तपासात पुढे आलं. यंत्र कोणाच्याही छताखाली असो, इंटरनेटवरून उघडणारं दार असं सताड असेल तर क्लाउडला दोष देण्यात अर्थ नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘मिराई’ या व्हायरसने अशाच कारखान्यातून आलेल्या पासवर्डांचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेऊन ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे पाडले होते. म्हणजे कोणाच्या तरी जिन्यातल्या कॅमेऱ्याने अमेरिकेची करमणूक बंद पाडली आणि जिन्यात त्याचा पत्ताही नव्हता.

एवढं सगळं सांभाळून फुटेज हाती लागलंच, तर पुढे न्यायालय आहे. इथे जालना जिल्ह्याने देशाला धडा दिला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतले उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर घेतले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला, की अशा चित्रीकरणाची प्रत द्यायची तर सोबत ती कशी काढली याचं प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर नको. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात त्या प्रमाणपत्रावर तज्ज्ञाची सहीसुद्धा लागते. क्लाउडवाल्याला मूळ यंत्र आणता येत नाही, घरी साठवणाऱ्याला ते पिशवीत घालून नेता येतं. फक्त ते चोराकडे नसावं.

आणि बॅटरी संपलेल्या डीव्हीआरचं घड्याळ वीज गेल्यावर मागे जातं, तेवढं एकदा बघून ठेवावं. नाहीतर पडद्यावर चोर अगदी स्पष्ट दिसतो, चेहरा, चप्पल, हातातली पहार, सगळं. कोपऱ्यात तारीख असते १ जानेवारी २०००. आरोपीचा वकील सोसायटीचं बांधकाम पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मागवतो आणि ती इमारत २०११ ची निघते.