कोण, कोणास म्हणाले?

उदगीरहून भालकीकडे निघालं की वाटेत राज्य बदलतं, पाट्या बदलतात, बसचा रंग बदलतो. सर मात्र बदलत नाहीत. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, खाली कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद, यांतल्या कुठल्याही गावात उतरा. निवृत्त झालेले किंवा निवृत्तीला टेकलेले एक मराठीचे सर तिथं असतातच, आणि त्यांना गोष्ट नुसती ऐकता येत नाही, सिनेमा नुसता बघता येत नाही. समोर त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात आणि पाठ वळली की ‘रसग्रहण’.

दोष त्यांचा नाही. उभा जन्म ‘स्वभावचित्रण करा’, ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ आणि ‘कोण, कोणास व केव्हा म्हणाले?’ असले प्रश्न काढण्यात आणि तपासण्यात गेल्यावर दुसरं काय होणार? सरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, सकाळी विचारलं, “बाजाराला जाणार का आज?” की सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, “हे वाक्य वरवर प्रश्नार्थी आहे. आतून आज्ञार्थी.” काकू म्हणतात, “आतून कोथिंबीर संपलीय.” एवढ्यावर विषय मिटायला हवा. पण सरांना त्या उत्तरातला उपरोधही उलगडून दाखवायचा असतो. तोवर बाजार उठतो.

बसमध्येही सुटका नाही. कर्नाटकची बस असेल तर कंडक्टर तिकीट विचारतो कन्नडात, सुट्टे मागतो दखनीत, आणि दारात लोंबकळणाऱ्या पोराला आत घेतो मराठीतल्या शिवीनं. सर शेजारच्याच्या मांडीवर थाप मारतात. “बघितलं? पहिल्यात सरकार, दुसऱ्यात विनवणी, तिसऱ्यात माया. पात्र एकच, सूर तीन!” शेजारचा हळूच सांगतो, “सर, तुमचा स्टॉप गेला.”

सर हास्यास्पद असले तरी इथं चूक नाहीत, एवढं मात्र मला मान्य करावं लागतं. या पट्ट्यात पोराला अक्षरओळख व्हायच्या आधी सुराची ओळख होते. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी. ‘हौ’ म्हणणारा खरंच हो म्हणतोय की टाळतोय, हे ज्याला कळत नाही त्याचं या भागात अवघड होतं. पुण्यातला समीक्षक सूर पुस्तकातून शिकत असेल. आमचे सर तो दुकानात हळद-जिऱ्याच्या पुड्या घेता घेता शिकलेत. फरक एवढाच की दुकानदार ती विद्या वापरून मोकळा होतो आणि सर तिच्यावर बोलत बसतात.

सरांचा लाडका दाखला भालकीच्या मठाचा. निजामाच्या राज्यात शिक्षण उर्दूतून चालायचं, तेव्हा भालकीचे चन्नबसव पट्टद्देवरू स्वामी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवायचे, असं सांगतात. “सबटेक्स्ट म्हणजे काय, हे पोरांना दुसरं कशानं शिकवू? पाटी उर्दू, धडा कन्नड, आणि ही गोष्ट अभिमानानं सांगणारा मी मराठी!” एवढं झाल्यावर ते गप्प राहिले असते तर बरं. पण इथून गाडी सीमाप्रश्नावर जाते. १९५६ ला हैदराबाद राज्य फुटलं. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि उरलेल्या बिदर जिल्ह्याचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. पुढं १९६७ चा महाजन अहवाल, मग २००४ पासून सर्वोच्च न्यायालय. सरांचं परीक्षण ठरलेलं असतं, “कथानक रेंगाळलंय. निवेदक दोन, आणि दोघांवरही विश्वास ठेवता येत नाही.” समोर बसलेल्याचं पोट मराठी पाटीवर चालतं की कन्नड पाटीवर, याचा अंदाज घेऊन पुढचं वाक्य ते बदलतात. हा तंत्राचा भाग.

जी. ए. कुलकर्णी हे सरांचं दैवत. कारण वाङ्मयीन आहे, तसंच भौगोलिकही. जी.एं.नी धारवाडला राहून इंग्रजी शिकवलं, पुण्या-मुंबईच्या मांडवात ते फिरकले नाहीत, आणि ‘काजळमाया’ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कारही परत केला. “कर्नाटकात राहून मराठीत सगळ्यांच्या वर!” हे म्हणताना सरांची नजर स्वतःच्या कपाटाकडे जाते. तिथं त्यांच्या स्वतःच्या कथांची वही असते. ती अजून कुणी मागितलेली नाही, त्यामुळे परत करायचा प्रश्न आलेला नाही.

जी.एं.च्या कथेत सरांना दर पानाला प्रतीक सापडतं. ग्रामीण कथेकडं आले की मात्र त्यांची पंचाईत होते, कारण ऐकणाऱ्यांत शेतकऱ्यांची पोरं असतात. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ घ्या. बाजारात टमाट्याचा भाव पडतो आणि शेवटी बाप आपल्याच मालाच्या ढिगावर नाचून त्याचा चिखल करतो. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘हतबलता, उद्रेक, विफल सर्जन.’ मागच्या बाकावरनं एक पोरगं उठलं. “सर, आमच्या पप्पानं मागल्या साली असंच केलतं. रस्त्याच्या कडंला ओतून दिले. माघारी न्यायचं तर टेम्पोचं भाडं डोक्यावर बसत होतं.” सर थबकले. मग खडू उचलून त्यांनी चौथा शब्द लिहिला, ‘वास्तव’. पोरगं खाली बसलं. टेम्पोचं भाडं किती होतं ते त्याला कुणी विचारलं नाही. मला वाटतं, कथा तिथं होती.

सिनेमात सरांचं मन जास्त रमतं, कारण तिथं कॅमेरा असतो. ‘सामना’ (१९७५) तर या उसाच्या पट्ट्यात शिकवावा लागत नाही. निळू फुल्यांचा हिंदुराव पडद्यावर आला की जो तो मनातल्या मनात एखाद्या चेअरमनचं नाव घेतो. सर स्वतःला लागूंच्या मास्तरच्या जागी बघतात. तेंडुलकरांचा मास्तर दारू पितो, आमचे सर चहा पितात. एकदा पोटात गेल्यावर बोलणं दोघांचंही थांबत नाही. ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ कॅमेऱ्यावर येतो. हा दगड आपल्या सगळ्यांवर आहे, हे सर इतक्या कळकळीनं सांगतात की ऐकणारा खाली मान घालतो. पण सर, आपल्या गल्लीत तो कुणाकुणाला लागेल, असं कुणी विचारलं की सर चौकटीची रचना आणि प्रकाशयोजना यांकडे वळतात. प्रतीक गावाबाहेर असेपर्यंत त्यांना लख्ख दिसतं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला पंच्याण्णववं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष भारत सासणे, म्हणजे कथाकार. संमेलन असं उंबऱ्यावर आल्यावर सर घरात राहणं शक्यच नव्हतं. वही घेऊन ते पुढच्या रांगांच्या आसपास घोटाळत होते. अध्यक्षीय भाषणापुढं त्यांनी ‘सूर संयत’ असं लिहिलं, जेवणाच्या रांगेपुढं ‘संघर्ष उत्तम’, आणि आभारप्रदर्शनापुढं ‘पात्रांची गर्दी, नायक शेवटपर्यंत कळत नाही’. यातला दुसरा शेरा तरी छापण्याजोगा होता.

सरांचा खरा कस मात्र ‘सैराट’नं लागला. २०१६ च्या उन्हाळ्यात अख्खा सीमाभाग उदगीर-लातूरच्या थिएटरांकडे धावत होता. सर काकूंना घेऊन गेले. आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात तेव्हा सर खुर्चीतच ताठ झाले. हैदराबाद! आमचं जुनं राजधानीचं गाव! मग शेवट आला, आवाज बंद झाला, थिएटर सुन्न झालं. येताना बसमध्ये सर त्या शांततेवर तासभर बोलले. पुढच्या वर्षी एस. नारायण यांनी त्याचा कन्नड अवतार काढला, ‘मनसु मल्लिगे’. त्यातही नायिका रिंकू राजगुरूच. सर तोही बघून आले. चेहरा तोच, गोष्ट तीच, मग सूर का हलला, असा एक नवीनच विषय त्यांना मिळाला आणि गावात व्याख्यान ठरलं.

आदल्या रात्री ते घरात तालीम करत होते. “दिग्दर्शकानं ध्वनी काढून घेतला, कारण...”

काकू शेंगाचटणी कुटत होत्या. “ते राहू द्या. मला आधीच कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“आर्चीचा भाऊ आहेर घेऊन आला, मायनं धाडलाय म्हणला. माय आहेर धाडती तर आधी फोन करून सांगती, ‘दादा येऊलालाय’ म्हणून. फोनवर मायलेकी बोलल्या, तेव्हा माय तसं काही म्हणली का? नाही ना? मग पोरीनं चहा टाकायचा नव्हता.”

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. न सांगितलेल्या गोष्टीतून धोका सुचवणं, यावर त्यांच्या वहीत सात पानं होती. त्यांत फोन नव्हता.

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“कसं बोलू? तुम्ही क्यामेरा बघत बसलाव.”

दुसऱ्या दिवशी व्याख्यान झकास झालं. फोनचा मुद्दा सरांनी शेवटाला राखून ठेवला होता. “एका जाणकार रसिकाच्या मते,” अशी त्याची सुरुवात केली आणि टाळ्या त्यालाच पडल्या. काकू बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. घरी निघताना सरांनी विचारलं, “कसं झालं?”

“लांबलं,” काकू म्हणाल्या.

त्या एका शब्दातला सूर कौतुकाचा की उपरोधाचा, हे सर त्यांना घरापर्यंत समजावून सांगत होते.