अगबाई, पुन्हा आप्पाच!

ऐकलंत ना? नोव्हेंबर 2024 मध्ये गोखिवऱ्याच्या नाक्यावर कटिंग घेता घेता ज्यांना आपण राजकारणातून निवृत्त करून टाकलं होतं, ते आप्पा जानेवारी 2026 मध्ये वसई-विरार महापालिका घेऊन परत आले. तेही स्पष्ट बहुमतानं! शोभतं का हे? नाक्यानं एकदा संपलं म्हटलं की माणसानं संपावं, एवढी साधी रीतसुद्धा पाळत नाहीत ही मोठ्या घरची माणसं.

आप्पा म्हणजे हितेंद्र विष्णू ठाकूर, हे वसईत सांगायला गेलं तर लोक हसतील. विरारचं बडं घर. 1990 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर वसईचे आमदार झाले तेव्हा वय तिशीच्या आसपास. पुढे काँग्रेसशी फाटलं. दुसरा एखादा दिल्लीला खेटे घालत बसला असता, यांनी स्वतःचंच दुकान मांडलं. आधी वसई विकास मंडळ, मग बहुजन विकास आघाडी, चिन्ह शिट्टी. 2019 च्या लोकसभेला ती शिट्टी भलत्याच पक्षाकडे गेली आणि आघाडीच्या हाती आली रिक्षा. वसईत रिक्षा! स्टेशनच्या पूर्वेला संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघा, फुकट प्रचाराची रांग कुठवर जाते ती.

आणि यांचा पसारा तरी केवढा! शिकायचं तर विष्णू वामन ठाकूर ट्रस्टचं विवा महाविद्यालय. डिसेंबरात नाचायचं-खेळायचं तर वसईचा कला-क्रीडा महोत्सव. आणि 2011 पासून धावायचं तर महापौर मॅरेथॉन. महापौर तरी कोण? पहिले महापौर राजीव पाटील ऊर्फ नाना, तेही नात्यातलेच. 2009 मध्ये नालासोपारा मतदारसंघ नव्यानं झाला तर तिथे चिरंजीव क्षितिजदादा आमदार. 2015 च्या महापालिकेत तर 115 पैकी 106 नगरसेवक यांचे. उरलेल्या नऊ जणांना विरोधी पक्ष म्हणायचं की पाहुणे, हा तेव्हाचा आमचा लाडका विनोद.

पण खरी मजा जून 2022 ची. राज्यसभेची निवडणूक, एकेका मताला सोन्याचा भाव, आणि आघाडीकडे मतं तीन : बाप, लेक आणि बोईसरचे राजेश पाटील. झालं! ज्या पुढाऱ्यांना बोरिवलीच्या पुढे महाराष्ट्र आहे हे आठवत नव्हतं, त्यांना विरारचा रस्ता पाठ झाला. सगळ्यांचं आगतस्वागत झालं, चहापाणी झालं, पण आप्पांनी पत्ता काही उघडला नाही. निकालानंतर शिवसेनेच्या संजय राऊतांनी न मिळालेल्या मतांची जी यादी जाहीरपणे वाचली, तिच्यात हे घर होतंच. आम्ही वसईकर वरवर ‘छी छी, काय हा घोडेबाजार’ म्हणत होतो आणि आतून सुखावलो होतो. एरवी विरार म्हटलं की मुंबईला फक्त लोकलमधली मारामारी आठवते हो!

मग आला 19 नोव्हेंबर 2024. दुसऱ्या दिवशी विधानसभेचं मतदान. विरारच्या विवांता हॉटेलात भाजपचे विनोद तावडे, आणि त्यांना घेरून आघाडीचे कार्यकर्ते. पैसे वाटायला आलात, हा आरोप. छे, मतदानाच्या दिवसाचे नियम समजावायला आलो होतो, हा खुलासा. तावड्यांनी मला पंचवीस फोन केले, हा आप्पांचा दावा. सगळा महाराष्ट्र टीव्हीला डोळे लावून बसला होता. आणि शेवट? इतक्या रामायणानंतर दोघं निघाले एकाच गाडीतून! सांगा आता, आम्ही कुणाच्या बाजूनं घसा कोरडा करायचा?

चारच दिवसांनी निकाल लागला. आप्पा 3,153 मतांनी पडले, क्षितिजदादाही पडले, बोईसरही गेलं. नाक्यावर घोषणा झाली : घराणेशाही संपली!

हो का? वसईत आप्पांना हरवलं कुणी? स्नेहा दुबे-पंडित यांनी. त्या कुणाच्या कन्या? विवेक पंडितांच्या. म्हणजे गावं महापालिकेतून वगळा म्हणत 2009 मध्ये ज्यांनी आघाडीकडून वसई हिसकावली आणि 2014 मध्ये आप्पांकडून हार खाल्ली, त्यांच्याच. एका बापलेकांना घरी बसवायला आपण दुसऱ्या बापाची लेक शोधून काढली आणि वर पेढे वाटले.

बरं, ठाकुरांच्या आधी काय लोकशाहीचा गोतावळा होता? आधी वर्तक होते. तेही विरारचेच, तेही मोठं घर. अण्णासाहेब वर्तक, मग भाऊसाहेब राज्यात मंत्री, त्याच घरातल्या ताराबाई आमदार. वसईतलं जुनं महाविद्यालय अण्णासाहेबांच्या नावाचं, विरारचं विवा ठाकुरांचं. आमच्या तालुक्यात घराणं मुरलं की कॉलेज निघतं, हा नियम कुणी तपासून पाहावा. पंडितांचं अजून निघालेलं नाही, म्हणजे तशी सुरुवातच म्हणायची.

म्हणून म्हणते, हे घराण्यांचं वेड त्यांना नाही, आपल्याला आहे. पाणी नाही आलं तर ‘आप्पांच्या कानावर घालतो’, शाळेत प्रवेश अडला तर ‘आप्पांचा माणूस ओळखीचा आहे’. जून 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली, साडेपाच वर्षं प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात भोईदापाड्याच्या कचऱ्याचा वास आला तर कुणाच्या नावानं बोटं मोडायची हेच गोखिवऱ्याला कळेना. प्रशासकाला काय आप्पा म्हणता येतं? त्याची बदली होते. आप्पांची होत नाही.

आता नवी चर्चा सुरू झाली आहे. 2029 ला नालासोपाऱ्यात क्षितिजदादा पुन्हा उभे राहणार का? नाक्यावर पैजा लागल्यात. घराणेशाहीवर सगळ्यात कडाडून बोलणाऱ्या काकांनी आख्खी मिसळ लावली आहे. मी नुसता वडापाव लावला. कुणावर, ते नाही हं सांगायची.