रविवार पाण्यात

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांना टेकला की खानदेशी कुटुंबाला वॉटर पार्क आठवतो. खरी कसोटी लागते ती तिकीट खिडकीशी. तिथे मुलांचं तिकीट उंचीवरून ठरतं, म्हणून वर्षभर ‘ताठ उभा राहा’ म्हणणारी आई हळूच सांगते, ‘जरा वाक ना, भाऊ!’ बाहेरचं खाणं आत चालत नाही. तेव्हा कळण्याची भाकरी आणि भरीत पार्किंगमध्येच संपवायचं आणि भरल्या पोटी घसरगुंडीवर चढायचं. आजोबा तेवढे कोरडे. भाड्याची नायलॉनची चड्डी त्यांनी तत्त्वतः नाकारलेली असते.

हिशेबच करायचा तर चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला. शके ११२८चा शिलालेख साक्षीला आहे. पण तिथे कृत्रिम लाटा नाहीत. जळगावच्या गांधी तीर्थात २०१२पासून शांतता मिळते. ती मुलांना नको असते, मोठ्यांना सोसत नाही.

उरला अजिंठा, साठेक किलोमीटरवर. तो बेत सोमवारचा ठरतो, कारण रविवार पाण्यात गेलेला असतो. अजिंठा सोमवारी बंद असतो.