केळशीच्या मामांचा आहेर

नाताळ हा सण सरकारने मुंबईकर भाच्यांना केळशीस धाडण्याकरिताच नेमून दिला आहे, अशी ज्यांची दृढ समजूत असते, अशा मामांचा एक वर्ग दापोली तालुक्याच्या या किनाऱ्यावर नांदतो. गोव्यात या दिवसांत नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक यांची ताटे शेजारीपाजारी व आप्तांकडे फिरतात. मामांच्या कानी हा परिपाठ आलेला नसला, तरी औदार्याच्या बाबतीत ते कोणत्याही पाद्र्याला हार जाणारे नव्हेत.

आहेरास रोख दिडकी पडता कामा नये, हे त्यांचे आद्य तत्त्व. नारळ नि सुपारी आगरातली, आमसुले परसातल्या रातांब्यांची, पोहे नव्या भाताचे, फणसपोळी मामींनी वैशाखाच्या उन्हात थापून वाळवलेली, आणि गाठोडे आवळायचे सुंभदेखील घरीच वळलेले. मामींचे श्रम कोणत्या खात्यात पडतात, असे मी एकदा दबकत विचारले, तेव्हा मामी नुसत्या हसल्या आणि मामांनी विषय चैत्रातल्या महालक्ष्मीच्या उत्सवाच्या वर्गणीवर नेला.

परंतु या वर्गाच्या प्रतिभेचा खरा आविष्कार होतो तो हिराच्या खराट्यात. भर दुपारी ओटीवर बसून, झावळीचे एकेक पाते सुरीने तासून, हीर निराळा काढून, जुडी पुरेशी जाड झाली की तिचा बुडखा जमिनीवर आपटून सारखा करावयाचा, सुंभाने करकचून बांधावयाचा, आणि जिच्या पार्ल्याच्या घरास ना अंगण ना खळे, अशा भाचीच्या हाती ‘असूं दे, उपयोगी पडतो’ म्हणून द्यावयाचा! एस.टी.त तो उभा धरावा तर टपाला लागतो, आडवा धरावा तर सहप्रवाशाच्या बरगडीत शिरतो, आणि वाटेत विसरावा म्हटले तर उतरताना कोणीतरी सज्जन हटकून आठवण करून देतो.

आहेर फुकट असला तरी भांडे फुकट नसते. लोणच्याची बरणी कोणाकडे, केव्हा गेली, झाकणासह की झाकणावाचून, याची नोंद जुन्या पंचांगाच्या कोऱ्या पानावर असते. थकबाकीदार भाचीस पुत्ररत्न झाले तरी अभिनंदनाच्या पत्रात, आशीर्वादाच्या खाली, बरणीचा तगादा असतोच. अशीच एक भाची गेल्या नाताळात रिकामी बरणी आणि बेकरीतला प्लमकेक घेऊन आली. मामांनी तुकडा तोंडात टाकून ‘केवढ्याला पडला?’ असे विचारले. तिने प्रसंगावधान राखून ‘घरीच केला’ असे ठोकून दिले, तेव्हा मामांची मुद्रा उजळली.

‘मग पुढल्या खेपेस जास्ती कर हो,’ असे म्हणून त्यांनी बरणी उजेडात धरून फिरवून पाहिली आणि झाकण कोठे आहे याची चौकशी आरंभिली.